गरोदरपणात ज्यूरी ड्युटीचं समन्स: सुटका मागू नका, तारीख मागा

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या, दोन वर्षांपूर्वी अमेरिकेच्या नागरिक झालेल्या एका ताईंना मिडलसेक्स कौंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) कोर्टाचं ज्यूरी ड्युटीचं समन्स आलं आहे, म्हणजे सामान्य नागरिक म्हणून खटला ऐकून निकाल द्यायला बसण्याचं बोलावणं. पहिलंच गरोदरपण. आज २६ वा आठवडा चालू आहे आणि कोर्टाची तारीख ३१ व्या आठवड्यात पडते. गरोदर बाईला यातून सूट नसते का? डॉक्टरांची चिठ्ठी पुरते का? गेलंच नाही तर पोलीस येतात का? आणि शेवटी, जरा संकोचानेच विचारलंय: “सासूबाई म्हणतात, पोटात बाळ असताना खुनाबिनाच्या खटल्यात बसायचं नाही. त्यात त्याच आठवड्यात माझं डोहाळजेवण ठरलंय.”

मी न्यू जर्सीत बावीस वर्षं प्रसूतितज्ज्ञ म्हणून काम करते. वकील नाही. पण कोर्टासाठी मागितलेल्या चिठ्ठ्या इतक्या लिहिल्या आहेत, आणि त्यातल्या काही इतक्या वाईट लिहिल्या होत्या, की त्या निमित्ताने हा कायदा नीट वाचणं भाग पडलं. शिवाय माझ्या दुसऱ्या खेपेला, पाचव्या महिन्यात, मी स्वतः ज्यूरीत बसले आहे.

पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर: न्यू जर्सीत गरोदरपणाला आपोआप सूट नाही. वयाची ७५ वर्षं झालेल्यांना मागितल्यास सूट मिळते, गेल्या तीन वर्षांत त्याच कौंटीत ज्यूरी ड्युटी केलेल्यांना मिळते. बाकी बहुतेकांना ‘गंभीर अडचण’ दाखवावी लागते आणि तिथे कायद्याने एक खोच मारून ठेवली आहे. ती अडचण पुढच्या वर्षभरात बदलण्यासारखी नसावी, असं त्यात लिहिलं आहे. आता गरोदरपण ही तर वर्षाच्या आत संपणारच अशी खात्रीची अवस्था! म्हणून “मी गरोदर आहे, मला सोडा” असा अर्ज केला की क्लार्कच्या हाताला सूट देण्याचं कलमच सापडत नाही, आणि आपल्याला वाटतं माणसं निर्दय आहेत. तोच अर्ज “माझी अमुक तारखेला प्रसूती अपेक्षित आहे, कृपया तारीख पुढे ढकला” असा केला, तर तो रोजच्या कामातला एक साधा अर्ज होतो. पहिल्यांदा तारीख पुढे मागणाऱ्या गरोदर बाईला कोर्टाने नाही म्हटलं, असं माझ्या एकाही पेशंटच्या बाबतीत मला आठवत नाही.

तेव्हा सूट मागायची नाही, तारीख मागायची. पण कोणती, हा खरा प्रश्न आहे आणि लोक चुकतात ते इथेच.

माझ्या एका पेशंटला दोन वर्षांपूर्वी असंच समन्स आलं. तिने घाईघाईत फॉर्मवर तीन महिने पुढची तारीख मागितली, ती मिळाली, आणि आम्ही दोघीही विसरलो. तारीख उगवली तेव्हा ती पाच आठवड्यांची बाळंतीण होती. सिझेरियन झालेलं, टाका अजून ओढत होता, बाळ दर दोन तासांनी दूध मागत होतं आणि कोर्टाचं पत्र फ्रिजवर चुंबकाखाली लटकत होतं. पुन्हा धावपळ, पुन्हा चिठ्ठी. या वेळी उत्तर यायला वेळ लागला आणि त्या दोन आठवड्यांत तिने जितकी काळजी केली तितकी बाळंतपणाचीही केली नसेल. त्या कौंटीचा दोष नव्हता. हिशेब आमचा चुकला होता.

तुमचा हिशेब आपण आत्ताच मांडू. ३१ व्या आठवड्यापासून तीन महिने पुढे गेलात तर ४४ वा आठवडा येतो, म्हणजे बाळ महिन्याचं. अजिबात नको. सहा महिने पुढे गेलात तर बाळ चार महिन्यांचं. न्यू जर्सीत नॉर्मल प्रसूतीनंतर साधारण सहा आठवडे टेम्पररी डिसॅबिलिटी (आईच्या तब्येतीसाठीची रजा) आणि त्यापुढे बारा आठवड्यांपर्यंत फॅमिली लीव्ह (बाळासाठीची रजा), असे अठरा आठवडे धरले तर हा तुमच्या रजेचा शेवटचा आठवडा ठरतो. जवळजवळ वर्ष मागितलंत तर बाळ नऊ-दहा महिन्यांचं, वरचं खाणारं, पाळणाघरात रुळलेलं असेल. बहुतेकींना मी हीच तारीख सुचवते.

एक अपवाद आपल्या घरांपुरता. नाशिकहून, सांगलीहून आई येते, ती व्हिजिटर व्हिसावर, आणि विमानतळावर बहुधा सहा महिन्यांचा मुक्काम मिळतो. ती ३६ व्या आठवड्यात आली तर बाळ पाच महिन्यांचं होईपर्यंत घरात असते. मग चौथ्या महिन्यातली तारीख काहींना जास्त सोयीची पडते: बाळ आजीजवळ, दूध काढून फ्रिजमध्ये, आणि रजा अजून शिल्लक. नऊ महिन्यांनंतर आजी परत गेलेली असते आणि पाळणाघरातून “ताप आहे, घेऊन जा” असा फोन यायला सुरुवात झालेली असते. कोर्टाला आजीचं वेळापत्रक ठाऊक नसतं. ते तुम्हालाच जुळवायचं आहे. कामावर परत जाण्याचा पहिला आठवडा मात्र कोणत्याही परिस्थितीत टाळा.

आता चिठ्ठीबद्दल. साधं, बिनगुंतागुंतीचं गरोदरपण असेल तर ‘वैद्यकीयदृष्ट्या असमर्थ’ असं मी लिहून देत नाही. काही पेशंट यावर नाराज होतात. पण जी बाई ३१ व्या आठवड्यात रोज आठ तास ऑफिसात बसते, ती कोर्टात बसू शकत नाही असं मी सही करून कसं सांगू? त्या सहीची किंमत शिल्लक ठेवावी लागते. ज्यांना खरंच गरज असते त्यांच्यासाठी. वार (प्लासेंटा) खाली असून रक्तस्राव झालाय, गर्भाशयाचं तोंड लवकर आखूड होतंय, रक्तदाब चढतोय, आधीचं बाळ अपुऱ्या दिवसांचं झालंय, जुळी आहेत आणि अठ्ठाविसावा उलटलाय, किंवा उलट्या इतक्या की सलाईन लावावं लागतंय, अशा वेळी मी मागायच्या आधीच चिठ्ठी देते. ३६ आठवडे उलटले असतील तर काही तक्रार नसतानाही देते, कारण कळा कोर्टाची परवानगी घेऊन येत नाहीत.

चिठ्ठीत काय असावं? लेटरहेड, तारीख, अपेक्षित प्रसूतीची तारीख, कोणत्या काळात हजर राहणं योग्य नाही आणि कधीपासून चालेल, माझी सही. एवढंच. आजाराचं नाव, सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्ताचे आकडे काही लावू नका. कोर्टाच्या क्लार्कला तुमच्या पोटातलं जाणून घ्यायची गरज नाही. पण समन्सवर छापलेला तुमचा ज्यूरर नंबर चिठ्ठीवर लिहायला विसरू नका. तो नसला की ती चिठ्ठी कोणत्या फाइलला लावायची ते कळत नाही आणि मग “पाठवली होती हो” म्हणत बसावं लागतं. फक्त तारीख पुढे हवी असेल तर कधी कधी चिठ्ठीही लागत नाही. समन्सवर दिलेल्या पद्धतीने, ऑनलाइन किंवा फॉर्म भरून, कारण आणि प्रसूतीची तारीख लिहिली की काम होतं. हे समन्स आलेल्या आठवड्यातच करा. हजेरीच्या आदल्या संध्याकाळी केलेल्या फोनला कोणी वाली नसतो.

न गेल्यास काय? न्यू जर्सीच्या कायद्यात ५०० डॉलरपर्यंत दंड किंवा कोर्टाच्या अवमानाची कारवाई अशी तरतूद आहे. म्हणून पत्र कचऱ्यात टाकू नका. आणि उलट बाजूही सांगते, कारण आपल्या लोकांची यात फसवणूक होते. “तुम्ही ज्यूरी ड्युटीला आला नाहीत, वॉरंट निघालंय, ताबडतोब पैसे भरा, गिफ्ट कार्डचे नंबर सांगा” असा फोन आला तर तो चोराचा आहे. कोर्ट फोनवरून पैसे मागत नाही. गरोदर बाईला असा फोन आला की रक्तदाब वाढतो आणि मग ती माझ्याकडे येते, हे मी पाहिलंय.

नागरिक नसलेल्यांसाठी थोडं थांबून सांगते. ही नावं केवळ मतदारयादीतून येत नाहीत. ड्रायव्हिंग लायसन्स आणि राज्याच्या इन्कम टॅक्सच्या यादीतूनही येतात. त्यामुळे एच-वन (नोकरीचा व्हिसा) किंवा ग्रीन कार्डवर असलेल्यांनाही पत्र येतं. घाबरायचं कारण नाही, पण “बघू या तरी, अनुभव घेऊ” म्हणून जायचंही नाही. पत्रासोबतच्या प्रश्नावलीत ‘मी नागरिक नाही’ यावर खूण करून ती परत पाठवायची. नागरिक नसताना ‘हो’ वर खूण झाली तर ती नागरिकत्वाची खोटी बतावणी ठरू शकते आणि इमिग्रेशनमध्ये ती चूक फार महागात पडते. तसं काही आधीच झालं असेल तर प्रसूतितज्ज्ञाला नाही, इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा.

इतर राज्यांत राहणाऱ्या मैत्रिणींसाठी धावतं सांगते. कॅलिफोर्नियात अंगावर पाजणाऱ्या आईला वर्षभरापर्यंत तारीख पुढे मागता येते आणि गरज असेल तर पुन्हाही. टेक्सासमध्ये लहान मुलाला सांभाळायला दुसरं कोणी नसेल तर सूट आहे, पण ती जन्मलेल्या मुलासाठी, पोटातल्या नाही. समन्स कौंटीचं नसून फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टाचं असेल तर नियम वेगळे: तिथे ‘अवाजवी त्रास किंवा अतिशय गैरसोय’ दाखवली की तात्पुरती सुटका मिळू शकते. मानधन दिवसाला ५० डॉलर. न्यू जर्सीच्या कौंटी कोर्टात वर्षानुवर्षं पहिले तीन दिवस रोज ५ डॉलर मिळत आले, त्यात कॉफी आणि सामोसासुद्धा येत नाही. आणि पत्रावर ‘ग्रँड ज्यूरी’ लिहिलं असेल तर नीट वाचा. ती कोणावर खटला भरायचा की नाही ते ठरवते आणि एका खटल्यापुरती नसते. फेडरल ग्रँड ज्यूरी १८ महिन्यांपर्यंत चालू शकते. तिथे मात्र गरोदरपणात फार विचार न करता तारीख सरळ पुढे मागा.

आता माझं एक मत, पटलं तर घ्या. तुम्ही ३१ व्या आठवड्यात ठणठणीत असाल, साखर-रक्तदाब ठीक असेल, तर जाऊनही पाहायला हरकत नाही. बहुतेक जणांचा दिवस मोठ्या हॉलमध्ये वाट पाहण्यात जातो आणि संध्याकाळी घरी पाठवतात. निदान तिथवरचं काम आत्ता उरकतं. बाळ अंगावर पीत असताना तेच करणं जास्त कठीण आहे, असं मला दोन्ही गोष्टी केल्यावर वाटतं. पोटातलं बाळ बरोबर नेता येतं, बाहेरचं नेता येत नाही.

जाणार असाल तर तयारी अशी करा. दारात मेटल डिटेक्टर असतो. त्यात क्ष-किरण नसतात, चुंबकीय क्षेत्र असतं, बाळाला धोका नाही. क्ष-किरणांचं यंत्र पर्ससाठी असतं. तरी मन मानत नसेल तर हाताने तपासायला सांगा, रागावत नाहीत. पाण्याची बाटली, राजगिऱ्याची चिक्की, भाजलेले फुटाणे, एक केळं, असं काहीतरी जवळ ठेवा. गरोदरपणातला मधुमेह आपल्या भारतीय बायकांत जास्त दिसतो. तुमची २४ ते २८ आठवड्यांतली साखरेची तपासणी याच दिवसांत होणार आहे, ती कोर्टाच्या नादात चुकवू नका. मधुमेह निघालाच तर ग्लुकोमीटर आणि इन्सुलिन बरोबर असल्याचं दारातल्या अधिकाऱ्याला आधीच सांगा. एसी कडक असतो, शाल घ्या. हॉलमध्ये कडेची खुर्ची धरा आणि दर तासाला उठून चार पावलं चाला. गरोदरपणात पायातल्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका एरवीपेक्षा जास्त असतो आणि एका जागी तासन्‌तास बसणं त्यात भर घालतं. कोर्टातल्या गरोदर बाईसाठी मला खरी वैद्यकीय काळजी एवढीच वाटते. बाकी सगळी गैरसोय.

नाव पुकारलं आणि कोर्टरूममध्ये गेलात की जज खटला किती दिवस चालेल ते सांगतात आणि कोणाला अडचण आहे का विचारतात. तेव्हा हात वर करा. सगळ्यांसमोर सांगायचं नसेल तर “जवळ येऊन सांगू का?” असं विचारा, ते साइडबारला, म्हणजे आपल्या टेबलाशी, बोलावतात. माझ्या वेळी मी सांगितलं, पाचवा महिना आहे, दर तासाला बाथरूमला जावं लागेल. जज हसून म्हणाले, मलाही लागतं. खटला मोटार अपघाताचा होता, चार दिवसांचा. त्यांनी खरंच दर तासाला सुट्टी दिली आणि उरलेल्या ज्यूररांनी माझे आभार मानले. पण तुमचा खटला तीन आठवड्यांचा सांगितला, तर ३१ चे ३४ होतात. तसं स्पष्ट सांगा. मध्येच ज्यूरर आजारी पडला तर जागा घ्यायला राखीव ज्यूरर ठेवलेले असतात, पण मुळातच धोका पत्करायची जजचीही इच्छा नसते. निकालासाठी आत बसवतात तेव्हा फोन काढून घेतात, म्हणून नवऱ्याला कोर्टाचा नंबर देऊन ठेवा आणि दारावरच्या अधिकाऱ्याला तुमचे दिवस सांगून ठेवा. पोट दर दहा मिनिटांनी घट्ट होतंय, पाणी जातंय, रक्त दिसतंय, बाळ हलत नाहीये, यातलं काहीही झालं तर निकाल-बिकाल विसरायचा आणि दार वाजवायचं.

नोकरीचं म्हणाल तर ज्यूरी ड्युटीला गेल्याबद्दल मालक तुम्हाला शिक्षा करू शकत नाही. खाजगी कंपनीने त्या दिवसांचा पगार दिलाच पाहिजे असं मात्र नाही. एचआरला आधी विचारा आणि बाळंतपणाच्या रजेत हे दिवस मिसळू देऊ नका.

राहिल्या सासूबाई. त्यांच्या डोळ्यांसमोर ज्यूरी म्हणजे नौदल अधिकारी नानावटींचा खुनाचा खटला असणार, त्या पिढीच्या सगळ्यांच्याच असतो: १९५९ ची मुंबई, गोळीबार, आठ विरुद्ध एकने ‘निर्दोष’ म्हणणारी ज्यूरी आणि नंतर हायकोर्टाने फिरवलेला निकाल. भारतातून ज्यूरी गेली, त्यामुळे चित्र तिथेच थांबलं. त्यांना सांगा की इथे बरेचसे खटले गाड्यांचे, घसरून पडल्याचे आणि पैशांचे असतात. वाईट ऐकल्याने बाळावर वाईट परिणाम होतो याला वैद्यकशास्त्रात आधार नाही. पण तुमची झोप उडत असेल तर ते मी गंभीरपणे घेते. लहान मुलाच्या खुनाचे फोटो बघणं मला नाही जमणार, असं निवडीच्या वेळी जजला खरं सांगता येतं, आणि सांगावं. अभिमन्यूने पोटात चक्रव्यूह ऐकला, तुमचं बाळ फार तर पुराव्याचा कायदा ऐकेल. सुभद्रेसारखी मध्येच झोप मात्र लागू देऊ नका. इथे जज उठवतात.

आणि त्यांना एक गोष्ट जरूर सांगा, मला ती फार आवडते. इंग्लंडमध्ये बायकांना ज्यूरीत जागा नव्हती त्या शतकांतही एक ज्यूरी फक्त बायकांची असे. फाशीची शिक्षा झालेली बाई “मी गरोदर आहे” म्हणाली, तर ते खरं की खोटं ठरवायला जाणत्या बायका बसवत. ती पद्धत कायद्याने संपली १९३१ मध्ये. अमेरिकेत तर १९६१ मध्येही सुप्रीम कोर्टच म्हणत होतं की बाई ही घरसंसाराच्या केंद्रस्थानी आहे, तिने स्वतःहून नाव नोंदवलं नाही तर तिला ज्यूरीतून वगळलं तरी चालेल. ते १९७५ मध्ये बदललं. केवळ बाई किंवा केवळ पुरुष म्हणून वकिलांनी कोणाला ज्यूरीतून काढू नये, हे ठरायला १९९४ उजाडलं, आणि तो खटला होता एका मुलाचं पितृत्व ठरवण्याचा. तुम्हाला आलेलं पत्र त्रासदायक आहे, मान्य. पण ते आपसूक आलेलं नाही.

डोहाळजेवण शनिवारी ठेवा. कोर्ट शनिवारी बंद असतं.